घर कुणाच्या नावावर? कंपनी घरमालक आणि राज्यांचे कायदे

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत : स्वतंत्र घरं विकत घेऊन भाड्याने देणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्यावर लगाम घालू पाहणारे अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. लिहिणाऱ्यांची नावं काढून गाव आणि राज्य तेवढं ठेवलं, कारण या विषयात राज्य बदललं की उत्तर बदलतं.

प्रश्न : आमच्या सबडिव्हिजनमध्ये (एकत्र आखलेल्या वसाहतीत) दर चार-पाच घरांमागे एक कंपनीचं आहे. मुलगा घर शोधतोय. दोनदा ऑफर दिली आणि दोन्ही वेळा रोख पैसे मोजणाऱ्या कंपनीने घर नेलं. आता राज्यांनी यावर बंदी आणली असं कानावर येतं. आमच्याकडे ती लागू झाली का? (अल्फारेटा, जॉर्जिया)

उत्तर : जॉर्जियाने २०२५ मध्ये केलेला कायदा, एचबी ३९९, खरेदी अडवत नाही. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे. राज्याबाहेरचा जो मालक जॉर्जियात किमान २५ स्वतंत्र घरं किंवा ड्युप्लेक्स (एका इमारतीतली दोन घरं) भाड्याने देतो, त्याने इथला परवाना असलेला ब्रोकर नेमायचा आणि भाडेकरूंच्या तक्रारी घ्यायला राज्यातच माणसं ठेवायची, एवढीच त्याची मागणी. नळ फुटला तर फोन उचलणारा जॉर्जियात बसलेला हवा. भाडेकरूच्या दृष्टीने हे थोडंथोडकं नाही, पण तुमच्या मुलाच्या ऑफरला त्याचा उपयोग शून्य.

'बंदी' हा शब्द बहुतेक वेळा विधेयकाच्या मथळ्यात असतो आणि तिथेच राहतो. नेवाडाचं बघा. २०२३ मध्ये कंपन्यांच्या वार्षिक खरेदीवर मर्यादा घालणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. २०२५ मध्ये पुन्हा विधेयक आलं : वर्षाला जास्तीत जास्त १०० घरं. त्यात कंपन्यांच्या नोंदणीसाठी शुल्क होतं, आणि त्या राज्यघटनेप्रमाणे सरकारी उत्पन्न वाढवणाऱ्या कुठल्याही विधेयकाला दोन-तृतीयांश मतं लागतात. सिनेटमध्ये ते एका मताने पडलं. बहुमत होतं, तरी पडलं. म्हणून बातमी वाचली की विधेयकाचा क्रमांक आणि अधिवेशनाचं वर्ष टिपून घ्या, राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, आणि गव्हर्नरची सही व अंमलाची तारीख या दोन ओळी दिसेपर्यंत 'कायदा झाला' म्हणू नका.

तुमच्याकडेच हे इतकं का, याला कारणं आहेत. २००८ नंतर अटलांटाच्या उपनगरांत हजारो घरं बँकांनी जप्त केली. २०१२ पासून मोठ्या गुंतवणूकदारांनी ती उचलायला सुरुवात केली. त्यांचा खरेदीचा साचा ठरलेला असतो : तीन बेडरूम, दोन बाथरूम, घर फार जुनं नाही, आसपास नोकऱ्या वाढताहेत, दुरुस्तीचा खर्च आधीच अंदाजात बसतो. एकाच बिल्डरने बांधलेली एकसारखी घरं या साच्यात नेमकी बसतात. संपूर्ण देशाचा विचार केला तर जून २०२२ मध्ये ३२ मोठ्या गुंतवणूकदारांकडे मिळून सुमारे साडेचार लाख घरं होती, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र घरांपैकी जेमतेम ३ टक्के. पण अटलांटात हेच प्रमाण २५ टक्के, जॅक्सनव्हिलमध्ये २१ आणि शार्लटमध्ये १८. 'तीनच टक्के तर आहेत' म्हणणारा आणि 'सगळी गल्ली विकत घेतली' म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात.

मुलासाठी दोन गोष्टी सुचवतो. नुसतं प्री-क्वालिफिकेशन (बँकेने वरवर दिलेला कर्जाचा अंदाज) घेऊन फिरू नका. कागदपत्रांची पूर्ण छाननी करून बँकेने दिलेली मंजुरी हातात ठेवा, म्हणजे घराचं मूल्यांकन सोडलं तर कर्जाच्या बाजूने काही अडकत नाही. विकणाऱ्याला रोख रकमेपेक्षा व्यवहार मोडणार नाही याची खात्री हवी असते. दुसरं, फॅनी मे या सरकारी पाठबळाच्या गृहकर्ज संस्थेच्या ताब्यातली घरं होमपाथ या साइटवर येतात. तिथे पहिले ३० दिवस स्वतः राहणाऱ्यांना आणि ना-नफा संस्थांना राखीव असतात. घरं कमी असतात आणि डागडुजी मागतात, पण त्या ३० दिवसांत कंपनी समोर नसते. घाईघाईने इन्स्पेक्शन मात्र सोडून देऊ नका. कंपनीला एका घराचा फटका शंभर घरांत पचवता येतो, तुम्हाला येत नाही.

प्रश्न : पती-पत्नी मिळून आमच्याकडे राहत्या घराशिवाय दोन भाड्याची घरं आहेत. सीपीए (आमचे हिशेबनीस) म्हणतात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) करून त्यात टाका. तसं केलं तर आम्हीही 'कॉर्पोरेट मालक' ठरू का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : एलएलसी कशी बांधता त्यावर सगळं आहे. इथे घाई केली तर नुकसान खरोखर होतं, म्हणून सविस्तर.

कॅलिफोर्नियाच्या २०१९ च्या भाडेकरू संरक्षण कायद्याने (एबी १४८२) वर्षाची भाडेवाढ ५ टक्के अधिक महागाईदर, आणि काहीही झालं तरी १० टक्क्यांच्या आत बांधली आहे. भाडेकरू १२ महिने राहिला की योग्य कारणाशिवाय त्याला काढताही येत नाही. स्वतंत्र घराला यातून सूट आहे, पण दोन अटींवर. पहिली : मालक कॉर्पोरेशन नसावा, रीट (मालमत्तेत गुंतवणारा ट्रस्ट) नसावा, आणि ज्या एलएलसीत एक जरी सदस्य कॉर्पोरेशन आहे अशी एलएलसीही नसावा. दुसरी : हे घर कायद्यातून मुक्त असल्याची कायद्यात दिलेल्या मजकुराची लेखी सूचना भाडेकरूला दिलेली असावी. १ जुलै २०२० नंतर सुरू झालेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या लीजमध्ये ती लीजच्याच कागदात हवी.

तुम्ही दोघंच माणसं म्हणून सदस्य असाल तर एलएलसी करूनही सूट टिकते. गडबड होते ती इथे : एखाद्याची आधीच कन्सल्टिंगची एस-कॉर्प (कराची वेगळी पद्धत असलेली छोटी कॉर्पोरेशन) असते आणि 'करासाठी सोयीचं' म्हणून तिलाच एलएलसीची सदस्य करतात. त्या क्षणी दोन्ही घरं भाडेवाढीच्या मर्यादेखाली येतात. मालकाला हे कळतं ते १२ टक्के वाढीची नोटीस पाठवल्यावर, भाडेकरूच्या वकिलाकडून. दुसरी चूक याहून साधी आणि जास्त दिसणारी : मालक माणूसच, पण लीजमध्ये सूचनेचा परिच्छेद नाही. परिच्छेद नाही तर सूट नाही. जुनी लीज आजच काढून बघा. ज्या घराला बांधून १५ वर्षं झालेली नाहीत त्याला ही मर्यादा मुळातच लागू नाही, मालक कुणीही असो, पण ही १५ वर्षं रोज सरकत असतात.

डिपॉझिटचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. छोट्या मालकाला दोन महिन्यांपर्यंत मुभा आहे. छोटा म्हणजे : स्वतः माणूस, किंवा जिचे सगळे सदस्य माणसं आहेत अशी एलएलसी, आणि मालमत्ता दोनपेक्षा जास्त नाहीत, त्यांतली घरं मिळून चारपेक्षा जास्त नाहीत. तुम्ही आज बरोबर दोनवर आहात. तिसरं भाड्याचं घर घेतलंत की ही सवलत जाते. भाडेकरू सैन्यात असेल तर ती मुळात मिळतच नाही.

आता हस्तांतरणाचा खर्च. गहाण असलेलं घर एलएलसीच्या नावावर केलं तर बँक 'ड्यू ऑन सेल' कलमावर बोट ठेवून पूर्ण कर्ज मागू शकते. स्वतःच्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीत आपल्याच ताब्यात राहणाऱ्या ट्रस्टमध्ये) टाकण्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, एलएलसीला नाही. म्हणून आधी बँकेचं लेखी उत्तर घ्या. मालमत्ता कराचं पुनर्मूल्यांकन टाळायचं असेल तर डीडवर (मालकीच्या दस्तावर) जो हिस्सा आहे तोच एलएलसीत ठेवा. ५०-५० चं ५०-५०. पुढे मुलांना हिस्से देत गेलात आणि मूळ मालकांचा मिळून ५० टक्क्यांहून जास्त हिस्सा हातचा गेला की काउंटी नव्या किमतीने कर लावते. एलएलसीचा राज्याला वर्षाला किमान ८०० डॉलर कर आहेच, भाडं येवो न येवो. टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) नव्या नावाला लागू राहतो का, हेही विमा कंपनीला विचारा.

दोन घरांसाठी आमचं मत विचाराल तर : चांगला अंब्रेला विमा (इतर विम्यांवरचं जादा संरक्षण) आणि लिव्हिंग ट्रस्ट यांत बहुतेकांचं भागतं. ट्रस्टमुळे वरच्या कुठल्याही व्याख्येत तुम्ही 'कॉर्पोरेट' होत नाही.

प्रश्न : लाँग आयलंडवरचं घर विकायला काढायचं आहे. एजंट म्हणतो, तीन महिने मोठ्या कंपन्यांची ऑफर येणार नाही. खरं का? आणि आमच्या मुलीच्या एलएलसीत दोन घरं आहेत, तिलाही हा नियम लागतो का? (हिक्सव्हिल, न्यूयॉर्क)

उत्तर : एजंट बरोबर सांगतो. १ जुलै २०२५ पासून एक व दोन कुटुंबांच्या घरांसाठी मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदाराला घर बाजारात आल्यापासून ९० दिवस घेताही येत नाही आणि ऑफरही देता येत नाही. तुमच्या कामाची मेख अशी : मागणी किंमत बदललीत तर ते ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. दर तीन आठवड्यांनी पाच-पाच हजार उतरवण्याची सवय असलेल्या एजंटाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे गरज पडलीच तर कंपनीचा दरवाजा कायमचा बंद राहणार नाही.

मुलीला हे लागत नाही. कायद्याच्या व्याख्येत येण्यासाठी १० किंवा जास्त अशी घरं हवीत, इतरांचे पैसे गोळा करून गुंतवणारी संस्था हवी, आणि ३ कोटी डॉलर किंवा अधिक मालमत्ता हाताखाली हवी. तिन्ही एकत्र. याच व्याख्येतल्या मालकांना अशा घरांवरचा घसारा आणि व्याज राज्याच्या करातून वजा करण्यावरही बंधन आलं. ९० दिवसांपेक्षा हे कलम त्यांना जास्त बोचणारं आहे, वर्तमानपत्रांनी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही एवढंच. 'तुमचं घर रोखीत घेतो' अशी कार्डं पेटीत येतात ती बहुधा छोट्या दलालांची असतात आणि व्याख्येबाहेर राहतात. तिथे सावध तुम्हालाच राहायचं आहे.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. लीजवर मालकाचं नाव म्हणून एक साल, मग आकडा, मग 'बॉरोअर एलपी' असं काहीतरी आहे. जाहिरातीत एक भाडं, हातात आलेल्या बिलात स्मार्ट-लॉक, फिल्टर असे आकार वेगळेच. दुरुस्तीची तक्रार करायची तर नेमकी कुणाकडे? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : ते नाव विचित्र दिसतं, पण त्यात अर्थ आहे. कंपन्या शेकडो-हजारो घरं एका गठ्ठ्यात बांधून त्यांच्या भाड्याच्या तारणावर रोखे विकतात. असा पहिला गठ्ठा २०१३ मध्ये बाजारात आला : सुमारे ३,२०० घरं आणि ४७ कोटी ९० लाख डॉलर. प्रत्येक गठ्ठ्यासाठी कर्ज घेणारी वेगळी संस्था करावी लागते, म्हणून नावात साल, अनुक्रम आणि 'कर्जदार'. एका कंपनीची घरं अशी डझनभर नावांवर पसरलेली असतात. कायदा लिहिणाऱ्यांची खरी अडचण हीच. '१०० घरांच्या वर नको' असं लिहिलं आणि प्रत्येक एलपी (अशी वेगळी भागीदारी संस्था) स्वतंत्र मोजली, तर प्रत्येकीकडे ९९ घरं ठेवून सगळे मोकळे. विधेयक वाचताना आकडा नंतर बघा, आधी 'अफिलिएट' (संलग्न कंपनी) आणि 'कॉमन कंट्रोल' (एकाच मालकाचा ताबा) हे शब्द आहेत का ते शोधा.

मालक शोधायचा क्रम असा. मेक्लेनबर्ग काउंटीच्या पोलॅरिस नकाशावर पत्ता टाका. मालकाचं नाव आणि कराचं बिल जातं तो पत्ता मिळेल. तेच नाव नॉर्थ कॅरोलिनाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या व्यवसाय-शोधात टाका. संस्था बहुधा डेलावेअरची निघेल, पण इथला रजिस्टर्ड एजंट (कायदेशीर नोटिसा स्वीकारायला नेमलेला प्रतिनिधी) आणि त्याचा पत्ता तिथे असतो. मूळ कंपनी कोण ते बघायला रजिस्टर ऑफ डीड्सकडची कागदपत्रं उघडा आणि शेवटच्या पानावरचा सहीचा चौकोन वाचा. वरचं नाव काहीही असो, सही करणारा अधिकारी कुठल्या कंपनीचा ते तिथे उघड होतं.

तक्रार पोर्टलवर करा, पण तिथेच थांबू नका. तोच मजकूर पत्राने, पोच मिळेल अशा पद्धतीने, लीजमधल्या नोटिशीच्या पत्त्यावर पाठवा आणि एक प्रत रजिस्टर्ड एजंटला. पोर्टलचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा. घर सोडल्यावर लॉगिन बंद होतं आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. भाडं मात्र थांबवू नका. नॉर्थ कॅरोलिनात न्यायालयाच्या परवानगीशिवाय दुरुस्तीसाठी भाडं रोखलं की बाजू तुमची असूनही खटला तुमच्यावरच होतो.

राज्याचे काही आकडे लक्षात ठेवा. उशिराचा दंड भाडं पाच दिवस थकल्यानंतरच, आणि १५ डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के यांपैकी जे जास्त असेल तेवढाच. अनामत कुठल्या बँकेत ठेवली ते मालकाने ३० दिवसांत कळवायचं. घर सोडल्यावर ३० दिवसांत तपशीलवार हिशेब द्यायचा. नुकसानीचा अंदाज तेवढ्यात आला नाही तर ३० दिवसांत तात्पुरता आणि ६० दिवसांत अंतिम.

जाहिरातीत न दाखवलेल्या आकारांबद्दल : सप्टेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या इन्व्हिटेशन होम्सशी ४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. जाहिरातीतल्या भाड्यात न दाखवलेले सक्तीचे आकार हा त्यातला एक प्रमुख आरोप होता. तुमचा मालक कुणीही असो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पहिलं बिल शेजारी ठेवून कमिशनकडे आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रार करता येते. त्याने लगेच पैसे परत मिळत नाहीत, पण असे खटले अशाच तक्रारींच्या गठ्ठ्यातून उभे राहतात.

प्रश्न : विधिमंडळ काही करेल याची वाट न बघता आमच्या एचओएमध्येच (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेत) कंपन्यांना घरं घेता येणार नाहीत असा नियम करता येईल का? (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : 'कंपनीला विकू नका' असा नियम करण्यापेक्षा 'भाड्याने कधी देता येईल' हा नियम टिकाऊ ठरतो. दोन प्रकार आहेत. एक, एकूण घरांच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त घरं भाड्याने नकोत. दुसरा, घर घेतल्यावर पहिले १२ किंवा २४ महिने मालकानेच राहायचं. आमची पसंती दुसऱ्याला. कंपनीचं गणित पहिल्या महिन्यापासून भाडं येण्यावर चालतं; दोन वर्षं घर रिकामं ठेवणं तिला परवडत नाही, ती दुसरीकडे जाते. शिवाय टक्केवारीचा नियम आपल्याच लोकांना अडचणीत आणतो. तीन वर्षांसाठी पुण्याला जायचं ठरतं, आई-वडिलांचं आजारपण असतं, घर विकायचं नसतं, आणि तेव्हाच कोटा भरलेला असतो. दोन वर्षं राहून झाली असतील तर दुसऱ्या प्रकारात तुम्ही मोकळे. तरीही बदली, आजारपण आणि वारसा यांसाठी अपवादाचं कलम घालाच.

कामाची रीत : आधी मूळ डिक्लरेशन (वसाहतीच्या नियमांचा नोंदवलेला दस्त) काढून भाड्याबद्दल आणि नियमांच्या दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तुमच्या राज्यात साधारणपणे एकूण मतांच्या ६७ टक्के पाठिंबा लागतो. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. घोडं इथेच अडतं. शंभरातली २० घरं कंपनीची असतील आणि तिने विरोधात मत दिलं, तर उरलेल्या ८० पैकी ६७ लागतात, म्हणजे जवळजवळ ८४ टक्के. सभेला तेवढी माणसं कधी येत नाहीत. लेखी संमतीचा मसुदा घेऊन दारोदार जावं लागतं, दोन-तीन महिने. उशीर केला तर कंपनीची घरं वाढतात आणि गणित हाताबाहेर जातं. मंजूर झालेली दुरुस्ती रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंदवल्याशिवाय लागू होत नाही.

न्यायालयाचंही भान ठेवा. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलं आहे की दुरुस्ती मूळ कराराच्या हेतूशी सुसंगत आणि वाजवी हवी. अॅरिझोनाचं न्यायालय २०२२ मध्ये आणखी कडक झालं : मूळ कागदात ज्याची चाहूलही नाही असं बंधन बहुमताने लादता येत नाही. फ्लोरिडात १ जुलै २०२१ पासून भाड्यावरची नवी बंधनं बहुतांशी नंतर घर घेणाऱ्यांना किंवा संमती देणाऱ्यांनाच लागू होतात. कॅलिफोर्नियात भाड्याच्या घरांची मर्यादा २५ टक्क्यांच्या खाली आणताच येत नाही. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाच्या एचओएचा मसुदा जसाच्या तसा उतरवू नका.

प्रश्न : एच-१बी व्हिसावर आहोत. टेक्सासमध्ये घर घेता येणार नाही असं मित्र सांगतात. (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : दोन वेगळे कायदे एकात मिसळले गेले आहेत. टेक्सासचा एसबी १७ (१ सप्टेंबर २०२५ पासून) परदेशी खरेदीदारांबद्दल आहे, कंपनी घरमालकांबद्दल नाही. त्याचा रोख चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया या देशांवर आहे. यादीत भर घालण्याची मुभा गव्हर्नरला आहे, पण कायद्याने नेमलेल्या या चार देशांत भारत नाही. फ्लोरिडाच्या २०२३ च्या अशाच कायद्याची यादी मोठी आहे, त्यातही भारत नाही. मात्र फ्लोरिडात क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) वेळी प्रत्येक खरेदीदाराकडून, नागरिकांकडूनही, एक प्रतिज्ञापत्र घेतात. ते समोर आलं तर दचकू नका, वाचून सही करा.

प्रश्न : बँकेने जप्त केलेल्या घरांच्या लिलावात कंपन्यांच्या आधी सामान्य माणसाला संधी मिळते म्हणतात. कशी? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : न्यू जर्सीत जानेवारी २०२४ मध्ये सही झालेल्या कायद्याने शेरीफच्या लिलावाची रीत बदलली. घर गमावणारा मालक, त्याचे जवळचे नातेवाईक, भाडेकरू आणि ना-नफा संस्था यांना इतरांच्या आधी हक्क मिळाला. पात्र खरेदीदाराला २० टक्क्यांऐवजी ३.५ टक्के अनामत भरून बोली जिंकता येते. बदल्यात ८४ महिने, म्हणजे सात वर्षं, त्या घरात राहायचं बंधन येतं. नोकरीसाठी दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्याने हा मार्ग धरू नये.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनीही हेच विचारलंय. तिथला २०२० चा कायदा (एसबी १०७९) वेगळ्या पद्धतीने चालतो. अनेक घरं एका गठ्ठ्यात लिलावाला काढता येत नाहीत. आणि लिलाव जिंकणारा स्वतः राहणारा नसेल तर सौदा लगेच पक्का होत नाही. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत 'मी बोली लावणार' असं ट्रस्टीला (लिलाव चालवणाऱ्याला) लेखी कळवलं की मुदत पंचेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत वाढते. त्या घरातल्या भाडेकरूला जिंकलेल्या बोलीइतकीच रक्कम पुरते, बाकीच्यांना तिच्यापेक्षा जास्त द्यावी लागते. स्वतः राहण्यासाठी घेणाऱ्याने ६० दिवसांत राहायला जायचं आणि किमान एक वर्ष राहायचं.

अडचण पैशांची. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम ट्रस्टीच्या हातात हवी, आणि घर आतून बघायला मिळालेलं नसताना बँक इतक्या लवकर कर्ज देत नाही. शिवाय थकलेला कर आणि आधीची देणी घराबरोबर येऊ शकतात. टायटल सर्चवर काही शे डॉलर खर्च करा आणि तो पंधराव्या दिवसाच्या आत करा, नंतर नाही.

प्रश्न : कंपन्यांना रोखलं तर घरांच्या किमती उतरतील का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : फार आशा धरू नका. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमने २०२२ पासून ठरावीक भागांत भाड्यासाठी घर विकत घेण्यावर बंदी घातली. त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की पहिलं घर घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, किमतींवर ठळक परिणाम झाला नाही, आणि भाडी सुमारे ४ टक्के वाढली. घरं तेवढीच राहिली, ती भाडेकरूंकडून स्वतः राहणाऱ्या मालकांकडे सरकली. भाडेकरूंवरचा बोजा मात्र वाढला. या कारणाने बहुतेक विधेयकांत भाड्यासाठीच नव्याने बांधलेल्या वसाहतींना वगळलेलं असतं : कंपनीने असलेलं घर उचलू नये, पण नवं बांधायला हरकत नाही. ही सूट कंपन्यांच्या दबावाने आली अशी टीका होते, आणि दबाव असतोही. तरी ती काढून टाकली तर घरांची संख्या वाढण्याचा एक रस्ता बंद होतो, हे टीका करणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

प्रश्न : सहा महिन्यांनी बदली होईल. घर न विकता भाड्याने द्यायचं आहे. शहराचा काही नियम आहे म्हणतात. (फिशर्स, इंडियाना)

उत्तर : आहे. फिशर्सने २०२५ मध्ये वटहुकूम करून प्रत्येक सबडिव्हिजनमध्ये भाड्याच्या घरांचं प्रमाण १० टक्क्यांवर बांधलं. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे. इथे मालक कंपनी आहे की कुटुंब, याने फरक पडत नाही. जाहिरात देण्याआधी शहराच्या कार्यालयात तुमच्या सबडिव्हिजनचा आकडा विचारा : एकूण घरं किती, भाड्याची नोंद किती, जागा शिल्लक आहे का. शिल्लक असेल तर परवान्याचा अर्ज बदलीच्या पत्राची वाट न बघता आत्ताच करा. शिल्लक नसेल तर अपवादात बसता का ते लेखी विचारा, आणि एचओएचा नियम वेगळा असू शकतो, तोही त्याच आठवड्यात तपासून घ्या.